नानांचं गुळगुळीत चित्र

सूनबाई ऑफिसला निघाली तेव्हा नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांनी दाढी केली होती. आता दाढी करण्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण गेली तीन वर्षं या माणसाला दाढी करा, कपडे बदला, चार घास खा, हे मागे लागून सांगावं लागत होतं. सांगणारी एकटी सूनबाई, कारण घरात तिसरं माणूसच उरलं नव्हतं.

"आज कळेल ना?" नानांनी विचारलं.

"कळेल, नाना."

"मूळ टेपवरून करतेयस ना? माझ्या चित्रावरून नको हं. माझं चित्र बाजूला ठेव."

"हो हो, मूळ टेपवरून. किती वेळा सांगाल?"

"आणि जे असेल ते सांगायचं. म्हातारा आहे म्हणून गोड बोलायचं नाही. दिसलं तर दिसलं म्हणायचं."

ती चपला घालायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच "बरं" म्हणाली. नानांच्या तोंडाकडे बघायचं तिनं त्या सकाळी टाळलं.

तर दिसायचं होतं काय, ते आधी सांगते. हे सगळं घर एकाच धंद्यातलं. जमिनीखाली तेल नि गॅस शोधण्याचा धंदा. सासरे, मुलगा, सून, तिघंही एकाच कंपनीत. नानांची बायको हयात होती तेव्हा ती म्हणायची, तुमच्या घरात जेवताना वर कुणी बघतच नाही, सगळे मेले जमिनीखालचंच बोलतात. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

जमिनीखालचं दिसतं कसं? दिसत नाहीच, ऐकावं लागतं. एक जडशीळ गाडी माळावर उभी करतात आणि जमिनीला हादरे देतात. ते हादरे खाली जातात, थराथरांवर आपटतात, परत येतात. ते ऐकायला मैलोन् मैल जिओफोन खोचलेले असतात, म्हणजे जमिनीत रोवलेले छोटे कान म्हणा. ऐकलेलं सगळं टेपवर जातं आणि टेपवरून ऑफिसात चित्र बनतं: काळ्या-पांढऱ्या रेघांचं, जमीन उभी कापून दाखवल्यासारखं. हे चित्र बनवायचं काम नानांचं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं.

आणि त्या परत आलेल्या आवाजातून गॅस हुडकायचं काम सूनबाईचं. शेजाऱ्यानं मोठ्यानं गाणी लावली की भिंतीतून आपल्याकडे येतो तो नुसता ढमढम. गाण्याचे शब्द, पातळ सूर, सगळं भिंत खाऊन टाकते. गॅस भरलेला खडक म्हणजे तशीच भिंत. त्याच्यातून जाऊन आलेल्या आवाजातले पातळ सूर मरतात, जाडे तेवढे उरतात. म्हणून सूनबाई टेपवरचा आवाज सुरासुरांत वेगळा करते. पातळ सूर एका चित्रात, मधले दुसऱ्यात, जाडे तिसऱ्यात. पातळाच्या चित्रात एखाद्या जागेखाली काळोख दिसला आणि जाड्याच्या चित्रात तीच जागा लख्ख उजळ दिसली, की समजायचं वर गॅस आहे. त्या काळोखाला त्यांच्यात सावली म्हणतात. सावली सापडली की ऑफिसात चहा मागवतात, टाळ्या वाजवतात.

तिचा नवरा रिगवर ड्रिलर होता. जमिनीत भोक पाडायच्या त्या उंच सांगाड्याखाली ब्रेकवर हात ठेवून उभं राहायचं आणि पाइप किती वेगानं खाली जाईल ते सांभाळायचं. नाना त्याला लहानपणापासून पठ्ठ्या म्हणत. मग शाळा, कॉलेज, रिग, सगळीकडे ते नाव त्याला चिकटलं. लग्नानंतर सूनबाईनंही दोन-चार दिवस खरं नाव वापरून बघितलं, पण तो ओ देईना.

"तुम्ही दोघं वर बसून जमिनीला कान लावता," तो जेवताना म्हणायचा. "बोट मला घालावं लागतं."

नानांना मात्र एका गोष्टीवरून तो फार छळायचा. नानांचा हात त्या धंद्यात नावाजलेला होता. नानांचा हात फिरला की चित्र असं काही निघायचं, की बघणाऱ्यानं बघत राहावं. वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा सारख्या ठसठशीत, कुठे पुसट नाही, कुठे गढूळ नाही. जिथे आवाज क्षीण तिथे ते चढवत, जिथे पातळ सूर कमी तिथे ते ओढून आणत. त्या चढवण्या-ओढण्याचे आकडे त्यांचे स्वतःचे होते, वर्षानुवर्षं घासून बसवलेले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या आकड्यांची गाळणीच करून ठेवली होती कुणीतरी, आणि तिचं नाव ठेवलं होतं 'नाना'. यादीत जायचं, 'नाना' दाबायचं, चित्र लख्ख.

"तुमच्या चित्रात सगळं गुळगुळीत असतं हो नाना," पठ्ठ्या म्हणायचा. "जमीन अशी नसते. आमचा पाइप दर चार हातांवर शिव्या खातो."

"तुझा पाइप शिव्या खातो कारण तो तुझ्या हातात आहे," नाना म्हणायचे, आणि दोघं खो खो हसायचे.

नाना रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं त्यांचं शेवटचं चित्र मोठ्या काचेच्या चौकटीत घालून त्यांना दिलं. हॉलमध्ये जेवायच्या टेबलाच्या वर, भिंतीवर ते लागलं. आणि पुढे त्याच चित्रावरून भोक पाडायचं ठरलं, तेव्हा पठ्ठ्यानं साहेबांच्या मागे लागून ती रिग मागून घेतली. त्याला दुसरीकडे जायचं होतं, बरं का. चांगली नेमणूक होती, घराजवळची. पण नाही! बापाच्या चित्रावर लेकाचं भोक, याची त्याला इतकी मजा वाटली की निघताना तो टेबलावर चढला नि चित्रातल्या त्या जागेवर टिचकी मारून म्हणाला, "येतो इथे जाऊन."

त्या जागी वरच्याच थरात गॅसचा एक खिसा होता. शोधायचा तो गॅस खूप खाली. वर काही असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण चित्रात काही नव्हतं. भोकाच्या तोंडावर बसवतात ते जाड लोखंडी झाकण एवढ्या वर बसवतच नाहीत, त्याची वेळ पुढे असते. पाइप खिशात घुसला आणि गॅस उसळून वर आला. पठ्ठ्यानं ओरडून सगळ्यांना खाली पळवलं आणि स्वतः ब्रेकवरून हात काढला नाही. पळालेले सगळे वाचले.

चौकशी झाली. दहा लोक बसले आणि त्यांनी लिहिलं की उपलब्ध चित्रात धोक्याची कोणतीही खूण नव्हती, घटना अकल्पित होती. झालं! अकल्पित. सूनबाईला त्या शब्दाचा अजून राग येतो.

चौकशीचा निकाल वाचून दाखवला त्या संध्याकाळी नानांनी स्वतः चौकट भिंतीवरून उतरवली, कपाटाच्या मागे सरकवली, तोंड भिंतीकडे करून. खिळासुद्धा उपटला. त्यानंतर त्या चित्राबद्दल ते एकच वाक्य बोलले, पण ते शंभर वेळा बोलले असतील. "चित्रात नव्हतं हे मला माहीत आहे. टेपमध्ये होतं का, तेवढं मला कळू दे."

कारण धंदा कळणाऱ्या माणसाला फरक कळतो. टेपमध्येच नसेल, तर कुणाचा इलाज नव्हता. टेपमध्ये असेल आणि चित्रात नसेल, तर मधे एकच माणूस होता.

जेवण अर्धं झालं. मग त्याचंही अर्धं. नाना फुलपात्रात पाणी घेऊन खिडकीशी बसायचे आणि पाणी तसंच राहायचं. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला शरीरात काही दोष नाही. सूनबाईला हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. त्या टेप उघडायला परवानगी लागायची आणि बंद पडलेल्या भोकासाठी ती कोण देणार? तीन वर्षांनी कंपनीला त्याच माळावर जरा बाजूला दुसरं भोक पाडायचं सुचलं, तेव्हा कुठे साहेबांनी मूळ टेप काढून तिच्या टेबलावर ठेवल्या.

"तू करशील का दुसऱ्या कुणाला देऊ?" साहेबांनी विचारलं होतं. साहेब म्हणजे नानांच्या हाताखाली शिकलेला माणूस. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज नेहमी एक पायरी खाली यायचा.

"मीच करणार," ती म्हणाली होती.

तर नानांनी दाढी केली त्या दिवशी तिनं पातळ सुरांचं चित्र आधी काढलं. शेजारच्या टेबलावरचा चष्मिस, नवीनच लागलेला, खुर्ची ओढत तिच्या मागे येऊन बसला. चित्र वरून खाली भरत आलं. थर, थर, थर. आणि वरच्याच बाजूला, एका जागेखाली, अंगठा उमटावा एवढा काळोख.

"ताई!" चष्मिस ओरडला. "सावली! अहो सावली आहे ही! जाडं काढा, जाडं काढा!"

तिनं जाड्या सुरांचं चित्र काढलं. तीच जागा लख्ख उजळ. चष्मिसनं टाळी वाजवली. त्याची टाळी ऐकून खोलीतले आणखी चार जण उठून आले, त्यांनीही वाजवल्या. कुणीतरी चहावाल्याला हाक मारली. गॅस सापडला की वाजवायच्याच असतात, त्यांचं तरी काय चुकलं. मग त्यातल्या एका जुन्या माणसानं ही जागा कुठली ते सांगणारे कडेचे आकडे वाचले. त्याचा हात टाळीच्या मधेच थांबला. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. टाळ्या एकेक करून बंद झाल्या आणि चष्मिस एकटा थोडा वेळ वाजवत राहिला.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय झालं, ताई?"

"काही नाही. चहा आला तर घे," ती म्हणाली.

सगळे आपापल्या जागी गेल्यावर तिनं आणखी एक गोष्ट केली. तीच टेप पुन्हा घेतली, सूर वेगळे केले नाहीत, सरळ यादीत गेली आणि 'नाना' दाबलं. चित्र वरून खाली भरत आलं. अंगठ्याची जागा आली आणि गेली. रेघा सारख्या, ठसठशीत, सलग. काळोखाच्या जागी जे पातळ सूर मेले होते ते नानांच्या आकड्यांनी ओढून आणले होते. कुठून आणले होते? कुठून नाही. आजूबाजूच्या खुडबुडीला चढवून चढवून तिची रेघ बनवली होती. चित्र इतकं देखणं होतं की बघत राहावं. हेच चित्र. याच्याखाली बसून ते तिघं रोज जेवले होते.

तिनं 'नाना' काढलं, सावली आली. परत दाबलं, गेली. काढलं, आली. असं ती किती वेळ करत बसली कुणास ठाऊक. शेवटी साहेब मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी हळूच तिच्या हातातला माऊस काढून घेतला.

"मी विद्यार्थी होतो त्यांचा," साहेब म्हणाले. "मीही आयुष्यभर तेच दाबलं. आम्हाला कुणालाच... तेव्हा सावलीचं एवढं कळत नव्हतं गं."

"मला माहीत आहे."

"त्यांनी मुद्दाम नाही..."

"साहेब, मला माहीत आहे म्हटलं ना!"

ती ओरडली, तशी सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. मग तिनं तोंड पुसलं आणि कामाचं बोलायला घेतलं. नवं भोक इथे नको. ते हलवा. आणि कपाटात नानांच्या हातची जितकी चित्रं आहेत, तुमच्या हातची आहेत, ज्या ज्या चित्रावरून ही गाळणी फिरली आहे, ती सगळी मूळ टेपवरून पुन्हा करायची. त्याशिवाय एकाही ठिकाणी पाइप जमिनीला लावायचा नाही. तिथे उभा राहणाराही कुणाचा तरी कुणी असणार.

"हे लेखी द्यावं लागेल," साहेब म्हणाले. "कारणासकट."

"देते. कारणासकट देते."

तिनं दिलं. त्यात एक शब्द मऊ केला नाही. साहेबांनी वाचलं, सही केली आणि तिच्या देखत कॉम्प्युटरच्या यादीत जाऊन 'नाना' पुसून टाकलं. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग हो म्हटलं.

"घरी काय सांगायचं ते तू बघ," साहेब म्हणाले. "आमच्यापैकी कुणी त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही."

घरी काय सांगायचं ते तिचं ठरलेलं होतं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती ते मनात घोळवत होती. सांगायचं, होतं टेपमध्ये. सांगायचं, तुम्ही पुसलंत. तुम्हाला चित्र सुंदर हवं होतं, म्हणून पुसलंत. तिला त्यांचा इतका राग आला होता की हातातली पिशवी ती नुसती पिळत होती. तीन वर्षं तिनं या माणसाची ताटं वाढली, औषधं दिली, अंथरुणं घातली. आपलं दुःख बाजूला ठेवून त्यांचं पुसत बसली. का? तर दोघांचं दुःख एकच म्हणून. आणि आता कळतंय की एकच नव्हतं. त्यांनी केलं होतं, तिला झालं होतं. जाऊ देत कुठेतरी, तिला वाटलं. मला यांचं तोंड बघायचं नाही. अगदी असंच वाटलं तिला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

दार उघडंच होतं. नाना सकाळच्याच खुर्चीत बसलेले. अंगात बाहेर जायचे कपडे, पायात बूट, आणि खुर्चीशेजारी एक बॅग.

"हे काय?" ती म्हणाली.

"बस आधी. पाणी पी."

"नाना, बॅग कशाला भरलीय?"

"मी ठरवून ठेवलंय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पूर्वी ऑफिसात असायचा तसा. "टेपमध्ये होतं असं तू म्हणालीस, तर मी इथून जाणार. तुझ्या हातचं खायचा मला हक्क राहत नाही. तू काही बोलू नकोस, मला अडवू नकोस. घराची किल्ली टेबलावर ठेवली आहे."

म्हणजे बसमध्ये तिनं जे मागितलं ते दारात तयार होतं. हवं ते इतक्या लवकर कुणाला मिळतं? तिनं किल्लीकडे बघितलं. मग बॅगकडे बघितलं. बॅगची चेन अर्धीच लागली होती. नानांच्या बोटांना हल्ली ती जमत नसे. वरच घड्याळ दिसत होतं, गजराचं, त्यांच्या उशाचं. एक टॉवेल. आणि औषधांचा डबा मात्र नेहमीच्या फळीवर जिथल्या तिथे होता.

"कुठे जाणार आहात?" तिनं विचारलं.

नाना वाकून बुटाची नाडी चाचपायला लागले.

"अहो, मी विचारतेय, कुठे जाणार होतात?"

"ते बघू," नाना म्हणाले. "जाईन कुठेतरी. तू सांग आधी. होतं?"

ती समोरच्या खुर्चीत बसली. नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले होते. दाढी करताना हनुवटीखाली कापलं होतं आणि तिथे कागदाचा कपटा चिकटवलेला, सकाळपासूनचा. सकाळी तिनं बघितलंच नव्हतं तोंडाकडे. पठ्ठ्याही असेच कागद चिकटवायचा आणि तसाच रिगवर जायचा, नि सगळे हसायचे. कुणाकडून शिकला होता ते तिला आत्ता कळलं.

"नाही," ती म्हणाली. "नव्हतं."

नानांनी मान वर केली नाही. "पातळ सुरांचं काढलंस?"

"काढलं."

"वेगळं? स्वच्छ वेगळं? माझ्या गाळणीतून नाही?"

"नाही हो. मूळ टेपवरून."

"त्या जागेखाली काळोख नाही?"

"नाही."

"जाड्यांत उजळ नाही?"

"नाही, नाना."

"असं कसं होईल?" आता त्यांनी वर बघितलं. हा माणूस या धंद्यात म्हातारा झालेला. याला काय फसवायचं? "गॅस होता ना तिथे? होताच. मग सूर मरायलाच हवेत. सावली पडायलाच हवी. तू नीट बघितलंस का?"

आणि मग सूनबाईनं खोटं रचलं. रचलं म्हणजे काय, आपली सगळी विद्या पणाला लावून बांधलं. ती म्हणाली, "कान कमी पडले, नाना. तो सर्व्हे खोलचं ऐकायला केला होता. जिओफोन लांब लांब खोचले होते. एवढ्या वरच्या थरातून परत आलेला आवाज धड दोन कानांवरसुद्धा पडलेला नाही. वरच्या पट्ट्यात नुसती खरखर आहे. त्यात सावली असली काय नि नसली काय, कुणाला दिसणार?"

नाना ऐकत होते. ओठ हलत होते, मनातल्या मनात मोजत असावेत.

"अंतर," ते म्हणाले. "अंतर मी नव्हतं ठरवलं."

"नाहीच. ते फील्डवाल्यांनी ठरवलं."

"मी म्हटलंसुद्धा होतं तेव्हा, वरचं हुकेल म्हणून. म्हटलं होतं का गं मी?"

"म्हटलं असेल. तुम्हीच म्हणायचात ना, टेपमध्ये नाही ते मी कुठून आणू?"

हे वाक्य नानांचंच, ऑफिसात सगळ्यांना पाठ असलेलं. ते ऐकून त्यांचा चेहरा आधी तसाच राहिला आणि मग एकदम मोडला. तीन वर्षांत ते तिच्यासमोर रडले नव्हते. मुलाचा देह आणला तेव्हाही नाही. आता तोंडावर हात धरून, लहान मुलासारखे हमसाहमशी रडले. "मग माझ्या हातून नाही गेला," असं काहीसं म्हणत होते. "माझ्या हातून नाही गेला तो." तिनं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. राग गेला होता का? छे. राग तिथेच होता, तिच्या हातातच होता, आणि तोच हात ती फिरवत होती. सांगायचं ते आता कुणाला सांगायचं, एवढाच प्रश्न उरला होता. ज्याच्याशी ती हे बोलली असती तो नव्हता. आणि ज्याचं दुःख निदान तिच्यासारखं होतं, त्याला तिनं आत्ताच आपल्या हातानं त्यातून सोडवून बाहेर पाठवलं होतं.

मग नानांनी तोंड धुतलं. कागदाचा कपटा निघून गेला. तिनं बॅगेतलं घड्याळ काढून त्यांच्या उशाशी ठेवलं, टॉवेल दोरीवर टाकला, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. स्वयंपाकघरात जाऊन ताटं घेतली. नाना जेवायला बसले आणि ताटातलं सगळं संपवून म्हणाले, "आणखी आहे का गं?"

इतक्या दिवसांनी हे ऐकलं. सूनबाईनं वाढलं, पण आनंदानं नव्हे.

जेवून झाल्यावर नाना उठले आणि कपाटाशी गेले. मागे हात घालून चौकट ओढायला लागले. ती धावली. "अहो, काय करताय? पाठ धरेल!"

"लाव परत," नाना म्हणाले. "एवढी वर्षं मी उगाच त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याचा काय दोष? लाव. त्याच्या जागेवर लाव."

"उद्या लावू."

"आत्ता लाव, पोरी. हातोडी मी देतो."

तिनं खुर्ची ओढली. जुन्या खिळ्याचं भोक भिंतीत तसंच होतं, पण ते मोठं झालं होतं, म्हणून शेजारी नवा खिळा ठोकला. नाना खालून चौकट देत होते आणि काच शर्टाच्या बाहीनं पुसत होते. काचेखाली रेघा होत्या तशाच: सारख्या, ठसठशीत, वरपासून खालपर्यंत सलग. तिला जागा शोधावी लागली नाही. तिथे पठ्ठ्यानं टिचकी मारली होती.

"डावीकडे जरा. आणखी. हां, आता सरळ झालं," नाना खालून म्हणाले. मग ती उतरली आणि ते स्वतः पुढे झाले, टाचा उंचावून त्यांनी नेमकं त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे गेला आमचा पठ्ठ्या. इथेच ना? बघ. काही आहे का बघ इथे. तूच सांग."

सूनबाईनं बघितलं. नीट बघितलं, कारण नाना तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही, नाना," ती म्हणाली. "काहीच नाही."

"काहीच नाही," नाना म्हणाले आणि समाधानानं खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते वेळेवर जेवायला लागले. टेबलाला खुर्च्या दोनच उरल्या होत्या. नाना भिंतीकडे पाठ करून बसायचे, ती त्यांची पूर्वीचीच जागा. समोरची खुर्ची तिची. ऑफिसात कपाटातली जुनी चित्रं एकेक करून बाहेर निघत होती, मूळ टेपवरून नवी होत होती, आणि दर एक-दोन चित्रांमागे कुठेतरी एखादी सावली सापडत होती. टाळ्या आता कुणी वाजवत नव्हतं.

"अजून वापरतात का गं माझी गाळणी?" नाना घास घेता घेता विचारायचे.

"वापरतात ना," ती म्हणायची, आणि त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे न बघता विचारायची, "आणखी वाढू?"